चेहराच सांगून राह्यला

सिनेमाच्या पाट्या संपायच्या आत दिगूकाका खुनी सांगून टाकायचे. हळू नाही, चांगलं मोठ्यानं. टॉकीजमध्ये लोक अजून खुर्च्या शोधताहेत, पडद्यावर कोणाकोणाचे आभार मानणं चाललंय, आणि मागून काकांचा खर्जातला आवाज यायचा, "तो लिफ्टमधला. मिशीवाला. लिहून घ्या." पुढच्या रांगेतला माणूस वैतागून वळला की काका त्याला समजावत, "भैया, मेरे को मत देखो, उसको देखो. चेहराच सांगून राह्यला." मराठीला हिंदीची अशी फोडणी आमच्या रायपुरात कोणाला खटकत नाही. खटकायचं ते एवढंच, की अडीच तासांनी खुनी खरोखरच लिफ्टमधला मिशीवाला निघायचा.

एकदा त्यांच्या साडूनं त्यांना समोसे चारून मध्यंतरापर्यंत गप्प बसण्याचं वचन घेतलं. काकांनी समोसे खाल्ले आणि वचन पाळलं. फक्त खुनी पडद्यावर आला, की ते साडूच्या मांडीवर चापट मारायचे. खुनी त्या सिनेमात फार वेळा येत होता. साडू पुन्हा म्हणून काकांबरोबर सिनेमाला गेला नाही.

दिगंबर टेंभेकर हे त्यांचं पूर्ण नाव. ब्राह्मणपाऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. आमचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या काळात इथं आले, म्हणून आम्ही स्वतःला इथले जुने समजतो. काकांचे वडील वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीवर आलेले, म्हणून त्यांची बोली आमच्यापेक्षा ठसठशीत राहिली. काकांनीही रेल्वेतच जन्म काढला. हरवलेल्या पार्सलांच्या तक्रारी त्यांच्या टेबलावर यायच्या. कोणाचा आंब्यांचा करंडा, कोणाची शिलाई मशीन, कोणाच्या मुलीच्या रुखवताची पेटी. ते सगळं शोधता शोधता आपण गुप्तहेर झालो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. काकू गेल्यावर ते एकटेच होते. मुलगा बंगलोरला. तो रविवारी फोन करायचा, काका मराठीत बोलायचे, तो हिंदीत "हाँ पापा, ठीक है पापा" म्हणायचा, आणि दोन मिनिटांत बोलणं आटोपायचं.

आमच्या गल्लीत एक वाचनालय आहे. चार कपाटं पुस्तकं आणि सहा वाचक, त्यातले दोन फक्त पंख्याखाली झोपायला येणारे. मी त्याची चिटणीस. चिटणीस म्हणजे रजिस्टर लिहायचं आणि बोलणी खायची. वाचक वाढावेत म्हणून वकीलसाहेबांनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, एक टीव्ही आणि सीडीचं मशीन आणून दिलं आणि रविवारी दुपारी सिनेमा दाखवायचं ठरलं. वाचक वाढले नाहीत. प्रेक्षक मात्र पंचवीस-तीस जमायला लागले. सिनेमा निवडायचं काम दिगूकाकांनी मागून घेतलं, आणि त्यांना गुन्ह्याशिवाय सिनेमा पचतच नसे. एकदा मी कौटुंबिक सिनेमा लावला तर अर्ध्या तासानं म्हणाले, "नलू, यात कोनी मरत काहून नाही वं?"

काकांच्या पारखीमागं शास्त्र होतं. त्याला ते कलमं म्हणत. ज्याच्या खुर्चीमागं देशाचा नकाशा टांगलेला असतो, तो निर्दोष. जो कोंबडीची तंगडी हातानं फाडून खातो, तो गेला. जो 'जनाब' म्हणतो, त्याच्यावर नजर ठेवा. मी म्हटलं, "काका, सगळेच जनाब म्हणणारे वाईट दाखवत नाहीत." त्यावर ते समजूतदारपणे मान हलवत. "एक चांगला राहते ना. ठेवतेच ते लोक एक. तो मध्यंतरानंतर इन्स्पेक्टरच्या मांडीवर मरते, आन् मरता मरता देशाचं नाव घेते. त्याले मेल्याशिवाय चांगला म्हनत नाही." हे ते हसत सांगायचे. आम्हीही हसायचो. आता आठवलं की वाटतं, एवढं अचूक दिसत होतं या माणसाला, तर ते सिनेमाचं वाकडेपण दिसायला हवं होतं. त्यांना ते जगाचं ज्ञान वाटलं. आणि आम्हाला करमणूक.

शेवटचं कलम सगळ्यात पक्कं. काळा, कुरळ्या केसांचा आणि कमी बोलणारा. "असा माणूस दिसला की मागून ढोल वाजतेच," काका म्हणायचे.

आता गंमत अशी, की काका स्वतः तव्यासारखे काळे होते आणि केस इतके कुरळे, की कंगवा अडकायचा. बोलणं तेवढं भरपूर, म्हणून वाचले. मी एकदा तोंडावर सांगितलं, की तुमच्या कायद्यानं तुम्हालाच आधी पकडायला हवं. काका मनापासून हसले आणि म्हणाले, "म्हनून तर मी बोलत राहतो. चूप बसलो की संशय येते."

हा काळ नव्या छत्तीसगढ राज्याचा होता. रायपूर राजधानी झालं आणि एका वर्षात शहराला शिंगं फुटली. माझ्या कचेरीचं संचालनालय झालं, खुर्च्या त्याच, पाटी नवी. रस्त्यावर लाल दिव्याच्या गाड्या, चौकात गणवेशातले पहारेकरी. पेपर उघडला की पहिल्या पानावर दक्षिणेकडचं जंगल, आणि जंगल म्हटलं की बंदूक. सिनेमावाल्यांनीही ते हेरलं. काकांनी सांगितलेला खलनायकाचा इतिहास मला अजून पाठ आहे. आधी तो निळ्या डोळ्यांचा विलायती होता, मग समुद्रातून सोनं आणायला लागला, मग सीमेपलीकडून यायला लागला, आणि आमचं राज्य झालं तेव्हा तो जंगलात राहायला आला. गळ्यात मण्यांची माळ, अंगाला तेल, तोंडात तीन वाक्यं. शेवटी गोरा अधिकारी हेलिकॉप्टरनं येणार, झेंड्याखाली देशावर भाषण करणार आणि टाळ्या. काकांना तर अभिमानच वाटला. "आपल्याकडं आला ना व्हिलन. आता आपलंबी नाव होईल."

या सगळ्या वेळी दाराजवळ पोत्यावर बुधराम बसलेला असायचा.

बुधराम आमच्या वाचनालयाचा गडी. झाडू मारायचा, कुलूप उघडायचा, माठ भरायचा. वय पन्नाशीचं, जंगलाकडच्या कुठल्याशा गावचा गोंड. रंग काळा, केस कुरळे, बोलणं कमी. मागच्या बाजूच्या पडवीत राहायचा. नऊ वर्षं होता तो आमच्याकडे. मला तो दीदी म्हणायचा, काकांना बाबू, वकीलसाहेबांना बड़े साहब.

सिनेमा संपला, लोक पांगले, की काका पायरीवर बसून बुधरामला तोच सिनेमा पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. बुधरामनं तो पाहिलेला असायचा, पण ते मुद्द्याचं नव्हतं. मुद्द्याचा होता हुंकारू. इकडं छत्तीसगढात गोष्ट सांगणाऱ्यासमोर हुंकारू देणारा लागतो. दर वाक्याला त्यानं 'हव' म्हणायचं. हव म्हणजे तसं 'हो', पण हे हव म्हणजे कबुली नाही, की पसंती नाही. ऐकतोय, पुढं चला, एवढंच. तो नसला तर गोष्ट रस्ता भुलते, असं इथले लोक म्हणतात.

"मग तो इन्स्पेक्टर तिजोरी उघडते," काका सांगायचे.

"हव," बुधराम म्हणायचा.

"आतमधी काय? काहीच नाही."

"हव."

मी आत रजिस्टर लिहीत बसलेली असायची आणि हा हव-हव कानावर पडत राहायचा. एकदा काकांना विचारलं, की तुम्हाला कंटाळा नाही येत? ते म्हणाले, "नलू, घरी मी भिंतीले सांगतो. भिंत हव म्हनत नाही." तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं.

एका रविवारी दुपारी मी वाचनालय उघडलं, तर टीव्ही जागेवर आणि सीडीचं मशीन गायब. कुलूप शाबूत. किल्ल्या तीन, एक माझ्याकडं, एक वकीलसाहेबांकडं, एक बुधरामकडं. वकीलसाहेब पुतणीच्या साखरपुड्याला नागपूरला गेलेले. लग्नघरच्या माणसाला कशाला त्रास, म्हणून त्यांना फोन केला नाही. एवढा एक फोन. अजून माझा हात तिथंच अडकलेला आहे.

लोक सिनेमाला जमले होते. सिनेमा नाही म्हटल्यावर त्यांना काहीतरी बघायला हवं होतं. काका उठले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "कोनी काही हातात घेऊ नका." मग खिडकी बघितली, कुलूप हुंगलं. पंचवीस माणसं श्वास रोखून बघत होती. मग काकांची नजर दाराकडं गेली. आधीच्या रविवारी आम्ही जंगलातला सिनेमा पाहिला होता. सगळ्यांच्याच नजरा दाराकडं गेल्या. कोणी काही बोललं नव्हतं अजून. कोणीतरी मागून हळूच म्हणालं, "चेहराच सांगून राह्यला." काकांचंच वाक्य, पण आवाज दुसऱ्याचा.

चिटणीस म्हणून विचारायचं काम माझं. मी बुधरामला मध्यभागी उभं केलं आणि हिंदीत विचारलं, "मशीन यहाँ से गई है, समझ रहे हो?"

"हव," बुधराम म्हणाला.

"तुमने उठाई?"

"हव."

खोलीत कुजबुज झाली. मी विचारलं, "किसको दी?"

"साहब ला," तो म्हणाला. म्हणजे साहेबाला.

"कौन साहब?"

बुधराम जरा गोंधळला. इतक्या माणसांसमोर तो कधी उभा राहिला नव्हता. खाली बघत म्हणाला, "बड़े साहब."

आणि दिगूकाका टाळी वाजवून म्हणाले, "बड़े साहब म्हंजे टोळीचा म्होरक्या. जंगलात असंच म्हनते. मागच्या रविवारी पाह्यलं ना सगळ्यांनी."

मी खोटं सांगत नाही, त्या खोलीत एकालाही वाटलं नाही, की बड़े साहब म्हणजे आमचे वकीलसाहेब. नऊ वर्षं तो माणूस त्यांना याच नावानं हाक मारत होता. मी रोज ऐकत होते. पण त्या क्षणी आम्हाला त्यांचे घारे डोळे, गोरा रंग, काळा कोट आठवलाच नाही. आठवले ते मण्यांच्या माळा आणि ढोल. मी म्हटलं, "चाबी रखो और जाओ." पोलिसांत देत नाही म्हणजे केवढे उपकार, असा माझा सूर होता. बुधरामनं कनवटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. जाताना त्यानं एकदा काकांकडं बघितलं. काका खिडकीची कडी तपासत होते. मग पडवीतलं गाठोडं घेऊन तो गेला. मी रजिस्टर काढलं आणि त्याच्या नावापुढं 'काम सोडण्याचे कारण' या रकान्यात लिहिलं, 'चोरी'. अक्षर माझं चांगलं आहे.

तिसऱ्या दिवशी वकीलसाहेब नागपूरहून आले. एका हातात पेढे, काखेत सीडीचं मशीन. साखरपुड्याला जमलेली पोरं दुपारभर गप्प बसावीत म्हणून त्यांनी ते नेलं होतं. "बुधरामनंच गाडीत उचलून ठेवलं," ते म्हणाले. "त्याला म्हटलं होतं दीदीला सांग. कुठं गेला तो?"

मी काय झालं ते सांगितलं. वकीलसाहेब हसले. "अरेरे. पण काय सिनेमा झाला," म्हणाले. बाकीचेही हसले. हसण्यावारी नेणं म्हणजे दुसरं काय असतं. कोणीतरी म्हणालं, गडी काय, दुसरा मिळेल. पेढे वाटले गेले. काकांनी पेढा घेतला आणि हातातच धरून बसले. त्याचा चुरा झाला तरी तोंडात घातला नाही.

पुढच्या रविवारी सिनेमा लावला. पाट्या संपल्या, लिफ्ट आली, मिशीवाला आला, पहिला खून झाला. काका गप्प. मध्यंतरात कोणी तरी छेडलं, "काका, खुनी कोण?"

"मले काय माहीत," काका म्हणाले, आणि उठून घरी गेले.

संध्याकाळी ते माझ्याकडं आले. "नलू, रजिस्टर काढ. बुधरामचं गाव कोनतं?"

रजिस्टरमध्ये नावापुढं 'गाव' असा रकाना आहे. तो कोरा होता. नऊ वर्षं कोरा. मी कधी विचारलंच नव्हतं. काकांना वाटलं मला माहीत असेल, मला वाटलं त्यांना माहीत असेल. दर रविवारी शेजारी बसणारे ते. पण बोलायचे सगळे काकाच, तो नुसता हव म्हणायचा. काकांनी तो कोरा रकाना चष्म्याजवळ धरून पाहिला. "पार्सलवर पत्ताच नाही," म्हणाले. "असं पार्सल सापडत नाही वं. लई वेळ लागते."

पण शोधायचं त्यांनी सोडलं नाही. एवढंच कोणाकडून तरी कळलं होतं, की तो छोट्या लाइनच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, गाडीत बसताना दिसला. म्हणून काका दर मंगळवारी धमतरीकडे जाणारी ती छोटी गाडी पकडायचे आणि एकेका स्टेशनावर उतरून चौकशी करायचे. डब्यात पोळी-भाजी, हातात छत्री. गल्लीतले लोक आता त्यांच्यावर उघड हसायला लागले. मीही चिडले होते, पण त्यांच्यावर का स्वतःवर, हे तेव्हा कळत नव्हतं. म्हणायची, "काका, जाऊ द्या ना. गेला तो." ते ऐकून घ्यायचे आणि मंगळवारी निघायचे.

चार-पाच महिन्यांनी एका संध्याकाळी म्हणाले, "सापडला. अभनपुरात. धानाच्या मिलमधी. येतं का संग? मी अजून बोललो नाही. हिंमत होत नाही."

मी गेले. छोटी गाडी हळूहळू जाते, शेजारून सायकलवाला पुढं निघून जातो. काका खिडकीशी बसले होते आणि कधी नव्हे ते हळू आवाजात बोलत होते.

"सापडला कसा सांगू?" ते म्हणाले. "मी जिथं जाई तिथं विचारत होतो, असा असा माणूस पाहिला काय. लोक विचारत, दिसते कसा? मी सांगे, काळा, कुरळ्या केसांचा, कमी बोलते. अभनपुरात एक हमाल होता. त्यानं मले वरून खालपर्यंत पाहिलं आन् म्हने, 'इहाँ तो सबो झन अइसने हें बाबू. तुमन घलो.'"

म्हणजे, इथं सगळे असेच आहेत बाबू, तुम्हीसुद्धा. मला हसू आलं. काका हसले नाहीत.

"त्याच्या चेहऱ्यावर काही खूण असन ना वं? कपाळावर व्रण, नाहीतर दात पडलेला. काही आठवेना. नऊ वर्षं समोर राह्यला, आन् मले त्याचा चेहरा सांगता येईना. शेवटी मिलमधून त्याचा हव ऐकू आला, तेव्हा ओळखला." त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "शाळेत मी सात वर्षं नाटकात राक्षस झालो. दर वर्षी. पाचवीत मास्तरांना म्हटलं, अवंदा मले राम करा. मास्तर हसले. सगळा वर्ग हसला. मीबी हसलो. तेव्हापासून आधी दुसऱ्याकडं बोट दाखवायची सवय लागली, म्हंजे आपल्याकडं कोनी पाहत नाही."

एवढ्या वर्षांत हे त्यांनी कोणाला सांगितलं नसावं.

मिलच्या अंगणात उन्हात धान पसरलेलं होतं आणि बुधराम पायांनी ते उलटंपालटं करत फिरत होता. आम्हाला बघून थांबला. हात जोडले. "राम राम बाबू. राम राम दीदी." आत जाऊन लोटाभर पाणी घेऊन आला. मी बोलायचं तोंडपाठ करून गेले होते.

"बुधराम, हमसे बड़ी गलती हो गई," मी म्हटलं.

"हव," तो म्हणाला.

"तुम सच बोल रहे थे. मशीन वकीलसाहेब ले गए थे."

"हव."

मी पिशवीतून त्याची किल्ली काढून पुढं केली. "वापस चलो. तुम्हारी जगह वैसीच है."

"हव," बुधराम म्हणाला, पण किल्लीला हात लावला नाही. धानाकडं बघितलं. मग काकांकडं बघितलं. काका छत्री टेकून उभे होते. शेवटी एवढंच म्हणाले, "माफ कर दे रे भाई."

"हव," बुधराम म्हणाला. आणि पुन्हा धानात पाय घालून चालायला लागला. त्याच्या पायांमागं रेघा उमटत होत्या. आमच्या गाडीची वेळ झाली.

परतीच्या गाडीत अर्ध्या वाटेवर काका म्हणाले, "नलू, तो शेवटचा हव कोनता होता वं? माफ केलं, का नुसतं ऐकलं?"

मी म्हटलं, "माफ केलं असेल." माझं मलाच पटलं नाही.

त्यानंतर काका दर मंगळवारी अभनपूरला जायला लागले. सिनेमाला यायचं त्यांनी सोडलं. रविवारची गर्दी हळूहळू ओसरली. खुनी आधी सांगणारा कोणी नाही, तर मजा नाही, असं लोक म्हणायचे. मी काकांना विचारायची, "काय करता तिथं?" ते म्हणायचे, "बसतो." मी म्हणायची, "बोलतो का तो?" ते म्हणायचे, "अजून नाही." असं कितीतरी मंगळवार चाललं.

मग एका मंगळवारी ते स्टेशनावरून घरी न जाता सरळ वाचनालयात आले. चपलांना धुळीचे थर, पण चेहरा मोकळा. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "आज बोलला," म्हणाले. "दुपारभर बोलला. बायको कशी मेली ते सांगितलं, गावचा तलाव सांगितला, एक बैल होता त्याचा, त्याचंबी सांगितलं. मी एक शब्द बोललो नाही. मी फक्त हव म्हनत होतो." मग बोटानं टेबल ठोकलं. "गावाचं नाव सांगितलं त्यानं. काढ रजिस्टर."

मी रजिस्टर काढलं. त्यांनी सांगितलेलं गावाचं नाव कोऱ्या रकान्यात लिहिलं. छोटंसं नाव, दोनच अक्षरांचं. काकांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि बोट तसंच ओळीवरून पुढं सरकवत नेलं. शेवटच्या रकान्याशी बोट थांबलं.

"हे कोनी लिहिलं?"

तिथं माझ्या चांगल्या अक्षरात 'चोरी' होतं. वकीलसाहेब मशीन घेऊन आले त्या दिवशी मी ते खोडायला हवं होतं. खोडलं नव्हतं. विसरले, असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे खाडाखोड केलेलं पान मला आवडत नाही.

"मी," मी म्हटलं.

काकांनी बोट तिथंच ठेवलं. मग मीच बोलायला लागले. त्या दिवशी किती माणसं जमली होती, सगळे कसे माझ्याकडं बघत होते. फोन करायचा होता पण लग्नघर. टोळीचा म्होरक्या हे तुम्हीच म्हणालात ना काका, मी नव्हते म्हणाले. मी फक्त विचारलं. विचारणं माझं काम होतं. आणि पोलिसांत तर नाही ना दिलं. त्या काळात पेपरात रोज काय काय येत होतं. मी काही मुद्दाम केलं नाही. मी बोलत राहिले. बाहेर पायरीवरचं ऊन सरकून गेलं तरी माझं संपेना, आणि काका समोर बसून सगळं ऐकत राहिले, मध्ये एकदाही न बोलता.

मी थांबले तेव्हा त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यासमोर ठेवलं. आणि म्हणाले, "हव."